रोज उतरवायची भिंत

तुमच्या-माझ्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट. एका राज्यात एक म्हातारा गवंडी राहत होता. त्याच्या हाताखाली चार पोरं काम शिकत होती. तिथली रीत अशी, की शिकणाऱ्याची भिंत ओळंब्यात सरळ उतरेपर्यंत त्याने गवंड्याच्याच घरी जेवायचं.

एके वर्षी परमुलखातले व्यापारी यायचे थांबले. बाजार ओस पडला. कुणी घर बांधेना. विटांच्या भट्ट्या विझल्या. गवंड्याला घोर लागला. पोरांना परत पाठवलं, तर आपला हुन्नर आपल्याबरोबरच जाणार.

तो राजाकडे गेला. म्हणाला, "महाराज, या चौघांपुरतं धान्य द्या. बरे दिवस येतील तेव्हा हे हात लागतील."

राजाने धान्य दिलं.

चुना परवडत नव्हता, म्हणून पोरं चिखलात विटा रचत. दुपारपर्यंत भिंत उभी राही. गवंडी ओळंबा लावून पाही. मग तीच भिंत उतरवायची, विटा खरवडून ठेवायच्या. उद्या पुन्हा त्याच विटा.

बायको म्हणे, "अहो, तुमच्यापेक्षा सुगरण बरी. पाखरू असून घरटं राखते तरी."

"तिला शिकवावं लागत नाही," गवंडी म्हणे, आणि आधी पोरांच्या ताटात भाकरी वाढी.

वर्ष सरलं. राजाचा कारभारी पाहणीला आला, तेव्हा दिवस कलला होता. अंगणात विटांचा ढीग तेवढा होता.

"वर्षभर जेवलात, आणि कमरेएवढी भिंत नाही?"

"सरकार, सकाळी या. यांचे हात बघा."

"हात बघायला मी काय ज्योतिषी आहे?"

धान्य बंद झालं. गवंड्याने गाय विकली, तरी चार पोटं भरेनात. दोघं निघाले, एक मेंढरांमागे, दुसरा हमालीला.

"मिस्त्रीबाबा, माझी भिंत आता सरळ येत होती हो," धाकटा म्हणाला. गवंड्याने त्याच्या फडक्यात भाकरी बांधली.

दोन वर्षांनी व्यापारी परतले. त्याच साली शेतंही भरभरून पिकली. पावसाआधी आठ कोठारं बांधा, असा हुकूम सुटला. भट्ट्या पेटल्या, चुना आला. पण बांधायचं कुणी? बाकीच्या गवंड्यांनी आपले शिकाऊ केव्हाच घरी धाडले होते. म्हाताऱ्याजवळ दोघंच तयार होते. गेलेल्या दोघांना बोलावलं, पण त्यांची भिंत मध्येच फुगून, पोट काढून खाली आली.

चार कोठारं झाली आणि पाऊस लागला. निम्मं धान्य उघड्यावर कुजलं.

राजाने विचारलं, "आणखी गवंडी किती दिवसांत तयार होतील?"

"चार वर्षं, महाराज. आजपासून धरली तर."

कारभाऱ्याने मान खाली घातली. दुसऱ्याच दिवशी सोळा जणांचं धान्य गवंड्याच्या दारी आलं. पहिल्या पंगतीला बसले ते मेंढरांमागे आणि हमालीला गेलेले दोघं.

तात्पर्य : हात पडत्या काळातच घडवावे लागतात, काम दारात आल्यावर ते घडवायला वेळ उरत नाही.