चौथ्या पायाचा खटका

ज्या काळी हत्यारं बोलत आणि माणसं मध्ये तोंड घालत नसत, त्या काळची ही गोष्ट. धाकू मेस्त्रींकडे लाकूड कापायचं मशीन ठेवायला घडीची एक लोखंडी घोडी होती. तिला चार पाय आणि दर पायाला एक खटका. पाय उघडला की खटका आपल्या भोकात ‘खट्’ करून बसे. मेस्त्री चार वेळा ‘खट्’ ऐकत आणि मगच घोडीवर मशीन चढवत.

चौथ्या पायाला हे भारी झोंबे. एके सकाळी तो आपल्या खटक्याला म्हणाला, “ओझं मी पेलायचं, आणि मेस्त्रींनी कान द्यायचा तुला? नुसतं खट् तर म्हणायचं असतं! ते मीही म्हणेन.”

“म्हण की मग!” खटका फणकारला. दोघांत चांगलेच खटके उडाले. खटका रुसला आणि भोकात बसलाच नाही.

मेस्त्रींनी पाय उघडले. तीन खट् झाले. चौथ्या पायाने तोंडानेच ठणठणीत आवाजात म्हटलं, “खट्!” मेस्त्रींनी खुशीत मशीन घोडीवर टेकवलं मात्र, चौथा पाय आत वळू लागला.

“अरे, मी मिटतोय! धाव रे!” तो ओरडला.

खटक्याने राग गिळला आणि टुणकन भोकात उडी घेतली. खट्! मशीन डुललं, पण वाचलं.

“आज पाचदा खट्? कान वाजले वाटतं माझे,” मेस्त्री कानात बोट घालत म्हणाले.

तेव्हापासून पाय उघडला, की तो आधी खटक्याला हळूच म्हणतो, “तू बस बाबा, म्हणजे मला उभं राहता येईल.”