तीन पायांचा बैल

फार फार वर्षांपूर्वी, तांबडवाडीची माणसं आजच्याहून जरा कमी भांडायची, तेव्हाची ही गोष्ट. कोणाला खोटी वाटली तर त्यानं खुशाल उठून जावं. मागच्यांना पाय पसरायला जागा होईल.

वाडीत भिवरा कुंभारीण होती. तिच्या हातात माती हसायची, असं म्हणतात. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, ती घरोघर मातीचे बैल द्यायची आणि देता देता घरधन्याची फिरकी घेऊन यायची.

त्याच वाडीत अनशीचं घर. अनशीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा येसा झाला, तेव्हा सासू ठकूबाई देवीला बोलून बसली, "पाच वर्षं पोराचा पाय मातीला लावणार नाही." झालं! पोर कडेवरून मांडीवर, मांडीवरून पाटावर. खेळणं नाही, धडपडणं नाही. हात लांबवायच्या आत वस्तू हातात. चौथं सरत आलं तरी येसा ना उभा राहिला, ना बोलला. बायका म्हणायच्या, "गुणाचं गं बाई, लोण्याचा गोळा." अनशी हसायची आणि चुलीपुढं जाऊन डोळे पुसायची, नाव फुकट धुराचं. पोर जन्मभर असंच बसून राहिलं तर?

त्या बेंदराला भिवरानं येसापुढं पाटावर बैल ठेवला. बैल कलंडला.

ठकूबाई म्हणाली, "भिवरे, डोळं गेलं का तुझं? तीनच पाय हायेत की."

"चुकलं जणू, काकू. पाणी द्या घोटभर, मग बघू," असं म्हणून भिवरा उंबऱ्यात फतकल मारून बसली. चुकली कसली, लबाड!

येसानं बैल उभा केला. बैल पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला. अनशी मदतीला धावली तशी भिवरानं तिचा पदर ओढला. "बस खाली. बैल त्याचा हाय, तुझा न्हाई."

शेवटी येसानं बैलाच्या पोटाखाली बोट घातलं, भिवराकडं बघितलं आणि म्हणाला, "पाय."

अनशीच्या हातातलं पुरण हातातच राहिलं.

भिवरानं ओल्या मातीचा गोळा पुढं सरकवला. येसानं बोटं खुपसली, थापटलं, वळलं, मोडलं, परत वळलं आणि बैलाला एक वाकडा पाय डकवला. बैल उभा राहिला. नुसता राहिला नाही, चालू लागला, असं म्हणतात. पाटावरून उतरला आणि लंगडत लंगडत अंगणाकडं निघाला. येसा त्याच्यामागं, आधी भिंत धरून, मग काहीच न धरता.

उंबऱ्यावर ठकूबाई आडवी आली. "नवस मोडंल गं! मातीला पाय लागंल!"

भिवरानं येसाच्या दोन्ही तळव्यांना ओली माती जाड फासली. "घ्या काकू. आता पाय कुठं लागतोय? माती मातीला लागतीया."

"आन् देवी कोपली तर?"

"देवीबी मातीचीच. माझ्या सासऱ्यानं घडवलीया. घरचं मानूस हाय, मी समजावते."

ठकूबाईला हसू फुटलं आणि ती बाजूला झाली. बैल अंगणातून जो गेला तो कुंभारवाड्याच्या मातीतच विरघळला, असं म्हणतात. येसा मात्र म्हातारा होईस्तोवर वाडीभर हिंडत राहिला. अनशीनं मरेपर्यंत बेंदराची पहिली पुरणपोळी भिवराकडं धाडली.

आजही तांबडवाडीत लहान लेकरू असलेल्या घरी कुंभार तीन पायांचाच बैल देतात, सोबत मातीचा एक ओला गोळा. चौथा पाय लेकरानं लावायचा; थोरांनी हात मांडीखाली दाबून बसायचं. काहींना तेवढंही जमत नाही, नावं घेत नाही, समोरच बसलेत. बाजारातले रंगवलेले बैल पूजेत मागं, वाकड्या पायाचा सगळ्यांत पुढं.

पाहुणे हसतात. हसू देत. वाडीतल्या कित्येक पोरांचा पहिला शब्द 'आई' नसतो, 'पाय' असतो. आणि एकही आई त्यावर रुसत नाही.