चाकणचा हॉर्न

चाकणच्या मोटार कारखान्यात जर्मनीहून मोठे साहेब आले ते तणतणतच. "मॉडेल एकच, पण तुम्ही बनवलेल्या गाडीच्या हॉर्नचा आवाज वर्षभरात बसतो! आमच्याकडे एकाही हॉर्नची तक्रार नाही. यापुढे हॉर्न तिकडूनच येतील."

म्हणजे इथला अख्खा हॉर्न विभाग बंद. विभागप्रमुख शलाका भोंडवे सकाळीच चाकण चौकातून हॉर्नवर हात ठेवून वाट काढत आल्या होत्या. त्यांनी साळसूदपणे विचारलं, "साहेब, तुम्ही शेवटचा हॉर्न कधी वाजवलात?"

"मी?" साहेब ताठ झाले. "गाडी घेतल्यापासून एकदाही नाही. आमच्याकडे कुणीच वाजवत नाही!"

"मग तो वाजतो, हे कळलं कसं?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण आता आवाज त्यांचाच बसला होता.