दऱ्या आणि दर्या

"पण सर, मी नामंजूर केलेला बदल तुम्ही पुन्हा उघडलात कशासाठी?"

सुहृदने दारातच विचारलं. पुण्याहून मिरजेला येताना हे वाक्य त्याने मनात घोळवून घोळवून मऊ केलं होतं. तरी तोंडातून बाहेर पडताना त्याला धार आलीच.

हमीद इनामदार सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"आधी आत ये. बस की."

सरांनी ऐन उमेदीत एक पार्सर लिहिला होता. मराठी मजकूर वाचून त्यातले शब्द वेगळे काढणारा प्रोग्रॅम. तो त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला होता. कुणीही तो वापरावा, कुणीही त्यात सुधारणा सुचवावी. आलेली सुधारणा तपासून ती घ्यायची की नाही, हे ठरवायचा अधिकार त्यांनी नुकताच सुहृदला दिला होता. चूक सुहृदच्या नजरेतून सुटत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सर्वांत जास्त त्याला स्वतःला.

"धडगावची कुणी शेवंता पावरा आहे, तिने तो बदल पाठवलाय. कोड कच्चा आहे, सर. एकच काम तीन ठिकाणी केलंय."

"आणखी?"

"आणि हा सगळा खटाटोप एका खुणेसाठी. दोन अक्षरांमधली, पडद्यावर उमटतसुद्धा नाही अशी. पार्सर आजवर तो कचरा गाळत आला, तेच बरोबर आहे."

"मग तू शेरा काय दिलास?"

"'जे दिसत नाही ते राखायची गरज नाही. नामंजूर.'"

शेजारच्या घरात कुणीतरी तंबोऱ्याची तार लावत होतं. लागत नव्हती...

शेवंताने चाचणीसाठी एक ओळ जोडली होती. ती सरांनी पडद्यावर आणली.

"मोठ्याने वाच."

"बाबा दऱ्या ओलांडून शाळेत शिकवायला जायचे."

"आता आपल्या पार्सरमधून बाहेर आल्यावर?"

"बाबा दर्या ओलांडून..."

सुहृद अडखळला. 'र' आणि 'य' यांच्यामधली ती न दिसणारी खूण गळाली होती आणि सातपुड्यातल्या दऱ्यांचा समुद्र झाला होता.

"त्याखाली तिने काही लिहिलंय. वाचलं होतंस?"

"नाही. मी कोड वाचला."

"आता वाच."

सुहृदने मनातच वाचलं. 'माझे बाबा आता नाहीत. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांच्याबद्दल लिहिलेलं तेवढं बरोबर राहावं.'

त्याने ते पुन्हा एकदा वाचलं.

"तरी कोड कच्चाच आहे, सर," तो अखेर म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

"आहे."

सर उठले. भिंतीलगतची एक खुर्ची ओढत आणून त्यांनी सुहृदसमोर ठेवली.

"ही शेवंता. तुझा शेरा तिला तोंडाने सांग."

"इथे कुणी नाही, सर."

"असं?"

सुहृदने खुर्चीकडे पाहिलं. मान सावरली. "जे दिसत नाही ते..." एवढं म्हणाला आणि तिथेच थांबला. पुन्हा प्रयत्न केला... मग मान खाली घातली.

"मी तो शेरा पुसून टाकतो."

"पुसू नकोस. त्याच्याखाली लिही."

त्याने तिथेच बसून लिहिलं. तुमचं म्हणणं न वाचताच मी निकाल दिला, चूक माझी आहे, कोडमध्ये अमुक ठिकाणी अडचण आहे, ती आपण मिळून सोडवू. सरांनी ते वाचायला मागितलं नाही.

उत्तर आलं नाही. सुहृद पुण्याला परतला. रोज सकाळी ते पान उघडायचा आणि बंद करायचा. ती पुन्हा फिरकणारच नाही, असं त्याला वाटू लागलं. रागाने लिहून आलेलं त्याला सोसलं असतं. हे गप्प राहणं सोसवेना.

पावसाळा सरता सरता एका दुपारी शेवंताचा बदल परत आला. तीन ठिकाणचं काम एका ठिकाणी आलं होतं. शेऱ्याबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं. सुहृदने तो ओळीओळीने वाचला, एक शंका विचारली, उत्तर पटलं तसा मंजूर केला. मग ती बाबांची ओळ त्याने स्वतः पार्सरमधून काढून पाहिली. दऱ्या दऱ्याच राहिल्या.

दिवाळीनंतर तो पुन्हा मिरजेला आला. या वेळी त्याचं स्वतःचं काम घेऊन. पार्सरचा गाभाच त्याने नव्याने लिहिला होता.

"सर, हे एकदा तुमच्या नजरेखालून गेलं, की मी निर्धास्त."

"अजून कुणी पाहिलंय?"

"नाही. तुमच्याशिवाय हे कोण तपासणार?"

सरांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅपटॉपचं झाकण त्यांनी हळूच मिटलं आणि तो त्याच्याकडे सरकवला.

"शेवंताला विचार, तिला सवड आहे का."