डोक्यावरचं तेल

इब्री म्हणजे प्राचीन ज्यू लोकांचा राजा एल्याशाफ याला तटबंदीची भारी घाई. घाई राजाला आणि घाम मजुरांना, असा सगळा कारभार! त्यानं फर्मान काढलं, “उद्या शब्बाथ असला तरी दगड वाहायचे.”

शब्बाथ म्हणजे देवानं नेमून दिलेला विश्रांतीचा दिवस. देवळात पूजाविधी करणारा म्हातारा याजक हनानेल तडक दरबारात आला.

“महाराज, ही देवाची आज्ञा आहे.”

“इथं आज्ञा फक्त माझी!” राजा गरजला.

“बरं,” म्हणत हनानेलनं खांद्यावरचं फडकं काढलं. “मग डोकं जरा खाली करा. देवाच्या आज्ञेनं तेल ओतून मीच तुम्हाला राजा केलं होतं. तेवढं पुसून घेतो.”

राजाचा हात नकळत मुकुटाकडे गेला. मग त्याला हसू फुटलं.

“तेल राहू द्या, बाबा,” तो म्हणाला. “उद्या दगडही राहू द्या.”