बकुळा चिचुंद्रीची अर्धी फेरी

गावाबाहेर एक मळा होता. तिथे राजा नव्हता. राणी नव्हती. एक घोडा होता. तोही म्हातारा.

मळ्यात लोक यायचे. हुरडा खायचे. मग घोड्यावर बसायचे. विहिरीपासून आंब्यापर्यंत जायचं. आंब्यापासून विहिरीपर्यंत परत यायचं. झाली एक फेरी! मधे कुणी पडलं, तर बाकीच्यांची करमणूक.

विहिरीशेजारी एक बीळ होतं. बिळात एक चिचुंद्री होती. अगदी एवढीशी. नाव बकुळा. वास... असो.

बकुळाच्या घरी सगळे रांगेनं चालायचे. आईची शेपटी मोठ्या दादानं धरायची. मोठ्या दादाची शेपटी मधल्या दादानं धरायची. मधल्याची धाकट्यानं. धाकट्याची बकुळानं. बकुळा सगळ्यात शेवटी. मग तिला रोज काय दिसायचं?

धाकट्या दादाचं ढुंगण.

एक दिवस बकुळा म्हणाली, "मी घोड्यावर बसणार. घोड्यावरून घरी येणार."

दादा हसले. खी खी खी! "चिचुंद्री आणि घोड्यावर? पायी येशील बघ, पायी!"

"आणि घोड्यावरून आले तर?"

"तर तू पुढे, आम्ही मागे," मोठा दादा म्हणाला. "आणि पायी आलीस, तर कायमची शेवटी."

"बरं," बकुळा म्हणाली. तिनं डोक्याला चमेलीचं तेल लावलं. चप चप चप! आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

घोड्याचं नाव होतं सरदार. त्याला धरून चालवायचे गेणूतात्या. तात्यांच्या एका हातात लगाम. दुसऱ्या हातात पिपाणी.

पिपाणी कशाला? अहो, सरदार आधी लग्नाच्या वरातीत होता. वाजलं की चालायचा. थांबलं की थांबायचा. मळ्याच्या मालकांनी घोडा घेताना त्याचे पाय मोजले. दात मोजले. हे मात्र विचारलंच नाही.

तात्यांनी बकुळाला उचललं. खोगिरावर ठेवलं.

"पाठ ताठ! नजर समोर! टाचा खाली!"

बकुळानं खाली पाहिलं. टाचा कुठे होत्या, तेच कळेना. तरी ती म्हणाली, "खाली!"

पीं पीं पपईं! पिपाणी वाजली.

टप टप टप! घोडा चालला.

बकुळाला विहीर दिसली. ज्वारी दिसली. आभाळ दिसलं. ढुंगण कुठेच दिसेना. काय मजा!

आंबा आला. आणि पिपाणी थांबली. पीं... फुस्स!

घोडाही थांबला. टप.

तात्या आंब्याखाली बसले. टोपी तोंडावर ओढली. बकुळा राहिली वर. तिची अर्धी फेरी राहिली पुढे.

"सरदार, सरदार, चला ना!

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

सरदार म्हणाला, "माझी ना नाही! पण आधी पिपाणी वाजू दे. मग मी चालतो."

बकुळा शेपटीवरून घसरली. सुर्रर्र! तात्यांकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तात्या, तात्या, पिपाणी वाजवा!

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

तात्या टोपीखालून म्हणाले, "माझी ना नाही! पण पोटात काही नाही, तर फुंकर येणार कुठून? आधी भाकरी होऊ दे. मग मी वाजवतो."

मळ्यात भाकऱ्या करायच्या हौसाकाकू. बकुळा त्यांच्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. काकू परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. नुसत्याच बसल्या होत्या.

"काकू, काकू, भाकरी करा!

भाकरी होईना,

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

काकू म्हणाल्या, "माझी ना नाही! पण भाकरी काय डोक्यावर भाजू? आधी चूल पेटू दे. मग मी करते."

बकुळा चुलीकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चूलबाई, चूलबाई, पेटा ना!

चूल पेटेना,

भाकरी होईना,

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

चूल म्हणाली, "माझी ना नाही! पण माझ्या पोटात मांजर झोपलंय. ऊब आवडते बाईंना. आधी मांजर उठू दे. मग मी पेटते."

बकुळानं चुलीत डोकावलं. राखेत एक गोळा होता. गोळ्याला मिशा होत्या. बकुळा एक पाऊल मागे सरली. पण अर्धी फेरी ती अर्धी फेरी!

"मनीमावशी, मनीमावशी, उठा ना!

मांजर उठेना,

चूल पेटेना,

भाकरी होईना,

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

मनीनं एक डोळा उघडला. "उंदीर का गं तू?"

"नाही. चिचुंद्री."

मनीनं वास घेतला. "शी! वर चमेली!" आणि डोळा मिटला. "माझी ना नाही! पण आधी कुत्रा भुंकू दे. मग मी उठते. उगाच उठायची आमच्यात पद्धत नाही."

कुत्रा फाटकापाशी होता. फाटकाच्या वाटेवर विहीर. विहिरीशेजारी बीळ. बिळाच्या तोंडाशी दादा बसले होते. मोठा, मधला, धाकटा.

"काय गं बकुळे? आलीस ना पायी?" खी खी खी!

बकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक पाऊल टाकलं, की घर होतं. घरात आई होती. पण तिनं ते पाऊल टाकलं नाही.

"मी अजून घरी आलेच नाही!" ती म्हणाली. "मी अजून फेरीतच आहे!"

आणि गेली पुढे. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुत्र्याचं नाव होतं जमादार. तो मळ्याची राखण करायचा. म्हणजे फाटकात आडवा पडायचा.

"जमादार, जमादार, भुंका ना!

कुत्रा भुंकेना,

मांजर उठेना,

चूल पेटेना,

भाकरी होईना,

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

जमादार म्हणाला, "माझी ना नाही! पण आधी पिसू चावू दे. मग मी भुंकतो. कारणाशिवाय भुंकलो, तर लोक काय म्हणतील?"

पिसू जमादाराच्या कानात राहायची. बकुळा कानावर चढली. एवढीशी बकुळा. तिच्याहून एवढीशी पिसू. बकुळानं मोठ्ठा श्वास घेतला.

"पिसूताई, पिसूताई, चावा ना!

पिसू चावेना,

कुत्रा भुंकेना,

मांजर उठेना,

चूल पेटेना,

भाकरी होईना,

पिपाणी वाजेना,

घोडा चालेना,

माझी अर्धी फेरी राहिली ना!"

पिसू कमरेवर हात ठेवून उभी राहिली. सगळे हात.

"बाकीचं जाऊ दे. पिसू चावेना, असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मीच म्हणाले."

"मला आधी विचारलंस?"

"नाही."

"मग विचार!"

"चावता का?"

"हो!" पिसू म्हणाली. माझी ना नाही, असं म्हणालीच नाही. अख्ख्या मळ्यात हिलाच तेवढं म्हणता येत नव्हतं.

आणि पिसू चावली. चुट्ट!

कुत्रा भुंकला. भो भो भो!

मांजर उठलं. फिस्स! राख उडाली. काकूंच्या नाकात गेली. हाकछी!

चूल पेटली. भडभड भडभड!

काकूंनी भाकरी केली. थप थप थप!

तात्यांनी भाकरी खाल्ली. मचमच मचमच! मग तात्या म्हणाले, "हौसा, आणखी एक!"

काकू म्हणाल्या, "आधी वाजवा. मग आणखी एक. ती पोर कधीची धावतीय! अन् मिशा पुसा. अर्धी भाकरी मिशीतच आहे."

एवढ्यात बकुळा आंब्याखाली परत आली. तात्यांनी मिशा पुसल्या नाहीत. बकुळाला उचललं. खोगिरावर ठेवलं.

"पाठ ताठ! नजर समोर!"

"टाचा खाली!" बकुळाच म्हणाली.

पीं पीं पपईं! पिपाणी वाजली.

टप टप टप! घोडा चालला.

ज्वारी मागे गेली. आभाळ बरोबर आलं. विहीर जवळ आली. बिळाच्या तोंडाशी दादा बसले होते. मोठा, मधला, धाकटा. तिघांची तोंडं उघडी. त्यात एक माशी जाऊन परत आली.

"तू पुढे, आम्ही मागे!" बकुळा वरून ओरडली. "कोण म्हणालं होतं?"

मोठा दादा म्हणाला होता. आता काय करता? तो मुकाट्यानं मागे गेला. शेपटी धरली. कुणाची? घोड्याची! मधल्यानं मोठ्याची धरली. धाकट्यानं मधल्याची धरली. निघाली वरात. टप टप टप! तुरुतुरु तुरुतुरु!

बकुळाला दिसत होतं सगळं आभाळ. आणि मोठ्या दादाला?

घोड्याचं ढुंगण. खूप मोठं होतं.

बिळाच्या दाराशी सरदार आपणहून थांबला. वरात दाराशी थांबते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मान खाली घालून उभा राहिला. आता पुढचं होऊ द्या!

बकुळाची आई बाहेर आली. वरात दाराशी आली, की भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. पण बिळात भाकरी कुठली? इतक्यात तात्यांनी जोरात फुंकलं. पीं! मिशीतला तुकडा उडाला. टुप्! आईच्या पुढ्यात पडला.

आईनं तो तुकडा बकुळावरून ओवाळला. सरदारावरूनही ओवाळला. जमेल तेवढा. मग टाकला. तो दादांनी खाल्ला. ते दिवसभर उपाशीच होते. हसण्यानं पोट भरत नाही.

सगळ्यांना काही ना काही मिळालं. तात्यांना दुसरी भाकरी मिळाली. मनीला चुलीमागे नवी जागा मिळाली. बकुळाला तिची अर्धी फेरी मिळाली.

आणि पिसूला? तिनं काही मागितलं नाही. तिनं आधीच घेतलं होतं.

बकुळा घोड्यावरून घरी पोचली. आता तुम्ही गादीवरून झोपेत पोचा.

पाठ आडवी! डोळे बंद!

टाचा खाली!