एकवीस गाठींचा दोर

हेमवट नगरात दीर्घबाहू राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने राजाच्या कोंबड्या राखणाऱ्या कुळात मुलीचा जन्म घेतला. तिचे नाव वेणुका. आईवडील लवकर गेले, म्हणून चुलते सोमिल यांनी तिला वाढवले. सोमिल कोंबडवाड्याचे मुख्य राखणदार होते.

त्या नगरात तटाच्या बुरुजांवर कोंबडे ठेवलेले असत. त्यांच्या आरवण्यावर पहारा बदले आणि वेशी उघडत. एका पावसाळ्यात रोग आला आणि बहुतेक कोंबडे मेले. राजाने नवी पिल्ले ताबडतोब काढायला सांगितले. एरवी सोमिल चैत्रात पिल्ले काढत. त्या वर्षी कोंबड्या कार्तिकात अंड्यांवर बसल्या आणि थंडीच्या तोंडावर साठ पिल्ले बाहेर आली. कोंबड्या थोड्याच उरल्या होत्या. त्यांना पुन्हा अंड्यांवर बसवले आणि पिल्ले उबेच्या खोलीत ठेवली. तिथे जमिनीवर भाताचे तूस पसरलेले असे, आणि मधोमध निखाऱ्यांनी भरलेली चार मडकी.

खोलीच्या दाराशी एकवीस गाठींचा एक दोर टांगलेला होता. रोज सकाळी सोमिल एक गाठ सोडत. अंड्यात एकवीस दिवस, उबेत एकवीस दिवस, असा त्यांच्या आजाचा नियम होता. शेवटची गाठ सुटली की पिल्ले बाहेरच्या खुराड्यात जात. चैत्रातल्या पिल्लांना हा नियम कधी चुकला नाही. का चुकत नाही, हे कोणी विचारलेही नाही.

राजाने या दोराविषयी ऐकले आणि कळवले की, बाविसाव्या सकाळी साठही पिल्ले खुराड्यात दिसली, तर ज्याने पिल्लांची पहिली पाटी बाहेर नेली त्याला सोन्याचे कडे मिळेल, आणि पुढे कोंबडवाडाही त्याच्याच हाती राहील. सोमिलांनी ठरवले की पहिली पाटी वेणुकेने न्यावी.

एकोणिसाव्या दिवशी वेणुका एक पिल्लू हातात घेऊन त्यांच्याकडे आली. तिने त्याच्या पाठीवर फुंकर घातली.

“काका, बघा. पंखांना पिसं आलीत, पण पाठीवर अजून नुसती लव आहे. अजून मडक्याला चिकटून झोपतात ही.”

“गाठी किती राहिल्या?”

“दोन. पण गाठी पिल्लांना कुठं दिसतात?”

“तुला दिसतात ना? पुष्कळ झालं. माझ्या आजानं हा दोर वळला तेव्हा तुझा बाप पाळण्यातसुद्धा नव्हता.”

“पणजोबांनी तो चैत्रासाठी वळला. आता मार्गशीर्ष आहे.”

“उद्या कोंबडीला अंडं कसं घालायचं ते शिकवशील.”

“मी एवढंच म्हणते, रोज दुपारी उन्हात नेऊ, दिवस कलायच्या आत परत आणू. एकेक मडकं कमी करू. मडक्याकडं पाठ करून झोपायला लागली, की समजायचं तयार झाली.”

“आणि राजाला काय सांगू? पिल्लं अजून विचार करतायत म्हणून?”

बाजूला चारा घालणारे दोघे गडी हसले. वेणुकेने पिल्लू परत तुसात सोडले.

एकविसाव्या दिवशी सकाळी शेवटची गाठ सुटली. दुपारी सोमिलांनी पिल्लांनी भरलेली पाटी तिच्यापुढे सरकवली.

“ही मी उचलणार नाही,” वेणुका म्हणाली.

“मग कडं दुसऱ्याच्या हातात जाईल.”

“जाऊ दे.”

सोमिलांनी स्वतःच पाटी उचलली. मागोमाग गड्यांनी बाकीच्या नेल्या. ऊन छान होते. पिल्ले माती उकरू लागली, एकमेकांच्या तोंडचे किडे पळवू लागली. सोमिलांनी वेणुकेकडे एकदा पाहिले. ‘बघ, झालं ना?’ असेच ते पाहणे होते.

दिवस कलला आणि डोंगराकडून वारा सुटला. पिल्ले मडकी शोधू लागली. मडकी नव्हती, तेव्हा ती एका कोपऱ्यात गेली आणि एकमेकांच्या अंगावर चढू लागली. गारठलेल्या पिल्लाचे ओरडणे चारा मागणाऱ्या पिल्लासारखे नसते, ते लांब आणि चढे असते. वाड्यातल्या सगळ्यांना ते ओळखता येत होते. सोमिल खुराड्याकडे पाठ करून उभे होते. थोड्या वेळाने ओरडणे कमी झाले.

“काका, खालची गप्प झाली.”

“झोपली असतील.”

वेणुकेने खुराड्याचे दार उघडले आणि गुडघ्यांवर रांगत ती आत शिरली. तिने कोपऱ्यातला ढीग दोन्ही हातांनी फोडला, पाटी भरली आणि बाहेर आली. सोमिल वाटेत उभे होते.

“उद्या राजा येणार आहे.”

“येऊ दे. त्याला मेलेली दाखवायची की जिवंत, तेवढं तुम्ही ठरवा.”

सोमिल बाजूला झाले. ती खोलीत जाऊन परत आली तेव्हा दुसरी पाटी त्यांनी भरली होती.

मडक्यांभोवती एकावन्न पिल्ले हलू लागली. नऊ हलली नाहीत. सोमिलांनी त्या नवांना एकेक करून कानाशी धरले आणि एकेक करून खाली ठेवले.

सकाळी राजा आला. खुराडे रिकामे होते.

“पिल्ले कुठे आहेत?” त्याने वेणुकेला विचारले.

“उबेच्या खोलीत, महाराज. दिवस भरले होते, पिसं भरली नव्हती. नऊ मेली.”

“चूक कोणाची?”

चुलत्यांचे नाव घेतले असते तर त्या क्षणी कोंबडवाडा तिचा झाला असता. वेणुकेने ते घेतले नाही. सोमिल पुढे आले.

“माझी, महाराज. ही तीन दिवस सांगत होती. मी हिचं बोलणं ऐकलं नाही, वय पाहिलं.”

राजा नाराज झाला. कडे त्याने परत नेले. जाताना त्याने विचारले, “मग अजून किती दिवस?”

“ते पिल्लं सांगतील,” वेणुका म्हणाली.

पिल्ले रोज दुपारी उन्हात जाऊ लागली, संध्याकाळी परत येऊ लागली. मडकी चाराची तीन झाली, तिनाची दोन. पौषाच्या अखेरीस, पाठी पिसांनी भरल्यावर, ती मडक्यापासून लांब पाय पसरून झोपलेली दिसली. मग ती खुराड्यात गेली. घर ओळखीचे व्हावे म्हणून वेणुकेने चार दिवस दार उघडले नाही. पाचव्या दिवशी उघडले, तेव्हा संध्याकाळी पिल्ले आपण होऊन परत आली. दोराला पुन्हा कोणी गाठी मारल्या नाहीत. सोमिलांनी तो खुराड्याच्या दाराला बांधला, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून.

चैत्र लागता लागता पूर्वेच्या बुरुजावर पहिला कोंबडा आरवला. आवाज फाटका होता, पण वेस उघडली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली. स्थविर पुंडरीक यांनी नियम केला होता की, विहारात पावसाळ्याचा एक वर्षावास झालेल्या प्रत्येक नव्या भिक्षूने अरण्यात एकट्याने राहावे. तिघे भिक्षू त्या सकाळीच निघाले होते, आणि त्यांतला एक थरथरत होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, “तेव्हाचे सोमिल म्हणजे आजचे स्थविर पुंडरीक. दीर्घबाहू राजा म्हणजे हा विहार बांधून देणारे श्रेष्ठी मणिगुप्त. एकावन्न पिल्ले इथे समोर बसली आहेत. आणि वेणुका म्हणजे मीच.”

पुंडरीकांनी विचारले, “भगवन्, आणि ती नऊ?”

“त्यांतले तिघे अजून अरण्याच्या वाटेवर आहेत,” शास्ते म्हणाले.

पुंडरीकांनी चीवर सावरले आणि त्या तिघांना परत आणायला ते वाटेला लागले.

पाठीवरची लव पाहून थांबणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता होय.